तारेवरून जायचं, पण विचारून

गेल्या दोन महिन्यांत गटांच्या बैठकांमधून एकाच विषयावरचे दोन वेगळे प्रश्न आमच्याकडे आले. पहिला प्रश्न तरुण सुनांचा. यंदाची सहल देवदर्शनाला न नेता जंगलातल्या तारेवरच्या खेळाला आणि झाडावरच्या घरात मुक्कामाला न्यावी का? दुसरा प्रश्न आपल्याच एका ताईंचा. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला डोंगराचा उतार आहे आणि खाली बांधावर जुना आंबा. बाहेरचा एक माणूस येऊन म्हणाला, इथून आंब्यापर्यंत झिपलाइन टाकू, आंब्यावर खोली बांधू, जमीन पाच वर्षांच्या कराराने द्या, येणाऱ्यांच्या जेवणाचं काम तुमच्या गटाला. द्यावी का?

दोन्ही प्रश्नांना एका शब्दात उत्तर नाही. सहलीला जाणारीने काय बघायचं आणि जमीन देणारीने काय विचारायचं, हे दोन्ही एकाच जागेवरून कळतं. ती जागा म्हणजे ती तार. म्हणून आज आधी तारेबद्दल बोलू.

झिपलाइन म्हणजे उंच जागेवरून खालच्या जागेपर्यंत ताणलेली पोलादी दोरी. तिच्यावरून एक कप्पी धावते. कप्पीला आपण पट्ट्याने अडकवलेले असतो आणि उतारामुळे आपोआप पुढे जातो. ना इंजिन, ना वीज. ज्यांच्या घरी विहिरीवर रहाट होता त्यांना कप्पी सांगायला नको. फरक इतकाच की रहाटाचं चाक जागेवर असतं आणि दोर धावतो, इथे दोर जागेवर असतो आणि चाक धावतं.

ही काही शहरवाल्यांनी काढलेली चैन नाही. हिमालयात आणि नेपाळात खोल नद्यांवर पूल नसतात तिथे माणसं तारेला लटकवलेल्या पाळण्यातून पलीकडे जात आली आहेत. शाळेला जाणारी पोरं, बाजारहाट करणाऱ्या बायका. मौजेसाठी तार लावायचं खूळ नंतरचं. १९७० च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशात डोनाल्ड पेरी नावाच्या जीवशास्त्रज्ञाने उंच झाडांच्या शेंड्यांवरचे प्राणी आणि फुलं पाहण्यासाठी दोरांची रचना केली. पुढे त्याच देशात पर्यटकांना जंगलावरून तारेने नेण्याचा धंदा वाढला आणि तिथून तो जगभर गेला.

आता वलणीकडे या. पावसाळ्यात ओली गोधडी वलणीवर टाकली की दोरी मध्ये झोळ घेते. मग आपण दोरी घट्ट ओढून बांधतो. झोळ कमी होतो, पण पुढच्या गोधडीला खिळा भिंतीतून उपटून येतो. असं का होतं? दोरी जितकी सरळ, तितकी तिच्या टोकांवरची ओढ जास्त. तारेचंही हेच. समजा १०० मीटर लांब तार आहे आणि मधोमध ६० किलोचं माणूस आहे. तिथे तार ५ मीटर खाली झुकत असेल तर टोकांवर साधारण ३०० किलोची ओढ येते. तीच तार इतकी ताणली की मध्ये फक्त २ मीटर झोळ राहिला, तर ओढ ७५० किलो होते. माणूस तेच, ६० किलोचं. तारेचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. म्हणून "आमची तार बघा कशी सरळ रेघेसारखी आहे" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर कौतुक करू नका, टोकं कशाला बांधली आहेत ते बघा.

दुसरी गोष्ट ऐकून पुष्कळ जणींना आश्चर्य वाटेल. भीती सगळ्यांना तार तुटण्याची असते. पण चांगल्या १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी दोरीला तुटायला सात-आठ टनांची ओढ लागते, आणि आपण दहा जणी मिळूनसुद्धा एक टन भरत नाही. तार गंजलेली किंवा तिचे धागे सुटलेले असतील तर गोष्ट वेगळी. एरवी घोटाळा होतो तो अडकवण्यात, थांबण्यात, टोकाच्या बांधणीत आणि चढायच्या मचाणावर. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, भोर तालुक्यात, एका मनोरंजनाच्या ठिकाणी झिपलाइनसाठी हुक लावण्याच्या वेळी उंचावरून खाली पडून एक तरुणी दगावली. बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. प्रवास सुरू व्हायच्या आधीचीच ती गोष्ट. म्हणून नियम असा, की उंच मचाणावर पाय ठेवायच्या आधी आपण कशाला तरी अडकवलेल्या असायला हव्यात, आणि तारेवरून उतरून खाली जमिनीवर येईपर्यंत एक क्षणसुद्धा मोकळ्या असता कामा नये.

याला दोन दोऱ्या लागतात. कंबरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्याला, ज्याला तिकडे हार्नेस म्हणतात, पुढे दोन आखूड दोऱ्या असतात. एक काढायची तेव्हा दुसरी लावलेली पाहिजे. आमच्या गटाची सहल गेली तिथे चढायच्या मचाणावर मदतनीस पोरगा गडबडीत एकच दोरी लावून "चला मावशी" म्हणाला. मावशी साठीच्या घरातल्या, आयुष्य बैलांच्या मागे गेलेलं. त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आन ही दुसरी कुनाच्या दावणीला बांधू? जुवाला शिवळ घातल्याबिगर औत हाकत न्हाय आमी." पोरगा ओशाळला, दुसरी लावली, आणि मग मागच्या प्रत्येकीची त्याने दोनदा तपासली. मावशींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

कड्यांना झडप असते आणि झडपेला कुलूप. फिरवून बंद करायचं असतं किंवा आपोआप लागतं. लावल्यावर दाबून बघा. दाबून उघडलं तर ते लागलेलं नाही. हेल्मेट हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकंच सैल. मांडीच्या पट्ट्यातून तळहात जावा, मूठ जाऊ नये.

कपड्यांचं काय? हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हार्नेसचे पट्टे दोन्ही मांड्यांभोवती वेगवेगळे बसतात, त्यामुळे गोल साडी चालत नाही. पंजाबी ड्रेस, पँट-कुर्ता किंवा ट्रॅकसूट उत्तम. ओढणी काढून ठेवायची. नऊवारीचा काष्टा पट्ट्यात बसतो, आम्ही पाहिलंय, पण पदर पक्का कंबरेत खोचून वरून पट्टा आवळलेला हवा. कप्पीत गेलेला पदर किंवा सुटलेली वेणी हा फार वाईट अपघात. केस बांधून हेल्मेटच्या आत. बांगड्या, लांब कानातलं आणि मंगळसूत्र काढून एकीजवळ पिशवीत द्यायचं. मंगळसूत्र काढायला कुणी तयार नसेल तर ते पोलक्याच्या आत घालून वर पिन लावावी, पण काढलेलं बरं असं आम्ही स्पष्ट सांगतो.

आता जरा आपल्यातलं बोलणं. पुरुषमाणसं हे सांगत नाहीत आणि तिकीट देणारा विचारत नाही. गरोदर बाईने तारेवर जाऊ नये, महिना कुठलाही असो. पिशवीचं ऑपरेशन किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, सिझेरियनला फार दिवस झाले नसतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर नाहीच, कारण पट्टा खालून वर दाब देतो आणि थांबताना धक्का बसतो. रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट्स, मणक्याचं दुखणं, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन, या सगळ्यांनी खाली बसून टाळ्या वाजवाव्यात, त्यातही मजा असते. पाळी चालू असेल तर मात्र काही अडचण नाही. पाळी आहे म्हणून कुणी कुणाला मागे ठेवू नये.

वजनाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी लिहिलेली असते. जड माणसाचीच भीती सगळ्यांना वाटते. पण हलकं माणूस मध्येच थांबतं. तारेच्या झोळात कप्पी अडते आणि ते माणूस लोंबकळत राहतं. अशा वेळी घाबरायचं नाही, पाय हलवत राहायचं. पट्ट्यात लटकून न हलता बराच वेळ राहिलं तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. म्हणून जायच्या आधी विचारायचं, "मध्ये कुणी अडकलं तर आणायला कोण जातं, आणि किती वेळात?" उत्तर देताना समोरचा माणूस दोर आणि दुसरी कप्पी दाखवत असेल तर ठीक. तो हसत असेल तर पैसे परत घ्या. थांबवण्याचीही सोय अशीच विचारायची. काही ठिकाणी जाड हातमोज्याने तार मागून दाबायची असते. हात कायम कप्पीच्या मागे, पुढे कधीच नाही. काही ठिकाणी शेवटी स्प्रिंग किंवा दोराचा अडथळा असतो. सकाळी दव पडलेलं असताना किंवा पावसानंतर तार ओली असते, तेव्हा वेग वाढतो आणि हातमोज्याची पकड घटते. पाऊस सुरू झाला की खेळ बंद झाला पाहिजे.

आता झाडावरच्या घराकडे. आपल्याकडे यात नवीन काही नाही. ज्वारी-बाजरी हुरड्यात आली की शेतात माळा घातला जायचा आणि त्यावर बसून गोफणीने पाखरं हाकली जायची. आपल्यापैकी कितीतरी जणींचं बालपण माळ्यावर गेलंय. तेच आता पर्यटकाला मचाण, ट्री हाउस म्हणून विकलं जातं. लोणावळ्याजवळच्या जंगलात असे उंच मुक्काम आहेत आणि शहरातली माणसं तिथे भरपूर पैसे मोजून राहतात.

पण माळा मेढींवर उभा असायचा, एका हंगामापुरता. झाडावरचं घर कायमचं असतं आणि झाड जिवंत असतं, ही सगळी अडचण आहे. झाडाचं अन्न सालीच्या लगेच आतल्या थरातून वाहतं. खोडाभोवती तार किंवा दोर आवळला की खोड जाड होताना तो आत रुतत जातो आणि झाडाचा गळा दाबला जातो. आठ-दहा वर्षांत धट्टाकट्टा आंबा वाळू लागतो आणि लोक म्हणतात नजर लागली. त्यापेक्षा एकच जाड बोल्ट खोडात सरळ घालणं झाडाला कमी त्रासाचं, कारण ती जखम झाड भरून काढतं. पुष्कळ बारीक खिळे मात्र वाईट. आणखी एक गंमत. झाड उंच वाढतं ते शेंड्याकडून, खोडाची जागा वर सरकत नाही. लहानपणी छातीएवढ्या उंचीवर ठोकलेला खिळा आजही तिथेच असतो. त्यामुळे घर दरवर्षी वर जाईल ही भीती नको, पण ते दरवर्षी आवळलं जाईल ही हवी. दोन झाडांमध्ये घर बांधलं तर वाऱ्यात दोन्ही झाडं वेगवेगळी हलतात. म्हणून एका बाजूला पक्कं आणि दुसऱ्या बाजूला सरकायला मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर पहिल्या वादळात तुळई फाटते.

झाड कुठलं हेही बघायचं. आंबा, जांभूळ, चिंच, वड यांच्यात दम असतो. शेवग्यावर चढू नये हे आपल्याला आजीने सांगितलेलंच आहे. सावर आणि पांगारा तसेच मऊ. आणि कुठलंही झाड असो, वळवाच्या पावसात, विजा चमकत असताना, झाडावरच्या घरात थांबायचं नाही. एप्रिल-मेची दुपार कलली आणि आभाळ आलं की खाली पक्क्या इमारतीत. मुक्कामाच्या ठिकाणी अशी इमारत आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी. एक आग्या मोहोळ. शिवनेरीवर पर्यटकांवर मधमाश्या उठल्याच्या घटना आपल्याला माहीत आहेत. उंच झाडं आणि कडे ही मोहोळांची आवडती जागा. अत्तर, धूर, दगड, आरडाओरडा, काहीही चालत नाही. दुसरी गोष्ट बिबट्या. जुन्नर-आंबेगावात त्याबद्दल कुणाला सांगायला नको. बिबट्या झाडावर चढतो, पण खरा धोका झाडावरच्या खोलीत नसतो, तो रात्री शौचाला खाली उतरण्यात असतो. म्हणून संडास वरच किंवा उजेडाच्या बंदिस्त वाटेवर आहे का, हा प्रश्न बायकांनी पहिला विचारावा. आम्ही जिथे गेलो तिथे संडास पन्नास पावलं लांब होता आणि वाटेवर दिवा नव्हता. आम्ही चौघी-चौघी बॅटरी घेऊन बोलत-बोलत जात होतो. एका रात्रीपुरती ती गंमत होती, पण शहरातली एकटी पाहुणी असती तर गंमत नव्हती.

सोबतच्या प्रवाशांबद्दल थोडं. त्या मुक्कामी पुण्याच्या एका कंपनीतल्या सात-आठ मुली होत्या. सुरुवातीला त्या त्यांच्यात, आम्ही आमच्यात. तारेजवळ रांगेत उभं राहिल्यावर अंतर आपोआप मिटलं, कारण भीती दोन्हीकडे सारखीच. त्यांच्यातल्या एकीचे पाय मचाणावर लटपटायला लागले तेव्हा आमच्या एका वहिनीने तिचा हात धरून सांगितलं, "खाली नको बघू, समोरच्या पळसाकडं बघ." ती गेली. रात्री त्यांनी आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली आणि आम्ही त्यांच्याकडून फोनवरून वाटेचा नकाशा कसा पाहायचा ते शिकलो. पण मुक्कामाची खोली अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायची असेल तर ते आधी कळायला हवं. बायकांसाठी वेगळी खोली, आतून कडी, आणि रात्री ठिकाणावर जबाबदार बाई हजर आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावं. त्यात भिडस्तपणा नको.

पैशांचं एकच सांगतो. गटाच्या फिरत्या निधीला सहलीसाठी हात लावू नका. तो कर्जासाठी आहे. दर महिन्याला वेगळी थोडी रक्कम सहलीच्या नावाने लिहा, वर्षभरात जमते.

आता त्या ताईंच्या जमिनीकडे. आपलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापड भरलेल्या गाडीपुढे ते आडवे झाले. तेव्हा या गावच्या बायका नव्या गोष्टीला घाबरतात असं कुणी म्हणणार नाही. शिवाय काळ अनुकूल आहे. २०१८ मध्ये सरकारने शेजारचा जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं. त्यात स्त्रीच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत, ४.५ लाखांपर्यंत, परत मिळण्याची सोय आहे. यातले शब्द नीट ऐका. स्त्रीच्या मालकीचा. जमीन ताईंची आणि व्यवसाय त्या बाहेरच्या माणसाचा असेल, तर हा फायदा ताईंना नाही.

साहसी खेळांसाठी २०२१ पासून राज्याचं वेगळं धोरण आहे. असा खेळ चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं ठेवायची असतात. सहलीला जाणारीनेही हे नोंदणीपत्र मागायला हरकत नाही, ते भिंतीवर लावलेलं असायला हवं. आणि जमीन देणारीने तर करारावर अंगठा किंवा सही करण्याआधी त्यावर नाव कुणाचं आहे ते बघायचं. अपघात झाला तर पोलीस प्रथम जागेवर येतात आणि जागा ताईंची आहे. म्हणून विमा कुणाच्या नावाने, येणाऱ्या पाहुण्याला दुखापत झाली तर भरपाई कोण देणार, तार आणि पट्टे किती दिवसांनी तपासणार आणि त्याची नोंदवही कुठे राहणार, हे करारात शब्दांत लिहिलेलं हवं. नुसतं "आम्ही बघून घेऊ" चालणार नाही.

दुसरं जमिनीचं. वरचा उतार सातबाऱ्यावर ताईंच्याच नावावर आहे की वनखात्याचा, हे तलाठ्याकडून पक्कं करायचं. वनजमिनीवर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगीशिवाय असं काही करता येत नाही. तारेच्या वाटेत येणारी झाडं तोडायलाही परवानगी लागते. भीमाशंकर अभयारण्याच्या आणि त्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याच्या गावांना तर याहून कडक नियम आहेत. तिथे शेकरू झाडाच्या शेंड्यात काटक्यांची घरटी बांधतो, आणि त्याच्यासाठीच ते अभयारण्य आहे. त्याच्या घरट्यांमधून तार नेऊन आपण झाडावरचं घर विकायचं, हे आम्हाला तरी पटत नाही. देवराईतल्या झाडाला तर खिळाच नको.

तिसरं त्या आंब्याचं. तो माणूस म्हणतो, खोलीही आंब्यावर आणि तारही आंब्यालाच. मघाचा हिशेब आठवा. खोलीचं वजन झाडाला खाली दाबतं, ते जुना आंबा पेलेल. पण तार त्याला आडवी ओढते, शेकडो किलोंनी, दिवसातून पन्नास वेळा, आणि तेही उंचावर. पावसाळ्यात बांधाची माती भिजून मऊ झालेली असताना त्या ओढीचं काय होईल, हे त्याने अभियंत्याच्या कागदावर दाखवावं. आमच्या मते तारेला वेगळा खांब, त्याला मागून ताण, आणि आंब्याला फक्त खोली, किंवा आंब्याच्या सावलीत स्वतंत्र खांबांवर उभी खोली. तारेच्या टोकाला लावलेल्या यू आकाराच्या क्लिपाही बघायच्या. नट असलेली बाजू ओढ घेणाऱ्या लांब दोरीवर आणि वाकडी सळई आखूड टोकावर असायला हवी, आणि अशा किमान तीन. उलटी लावलेली क्लिप ओढ घेणाऱ्या दोरीलाच चिमटते. हे बघायला शिक्षण लागत नाही, डोळे लागतात.

असा धंदा गावाच्या हातात राहून चालू शकतो का? लाओस नावाच्या देशात, थायलंडच्या सरहद्दीजवळ, बोकेओ प्रांताच्या जंगलात, गेली वीसेक वर्षं असा एक उपक्रम चालू आहे. जमिनीपासून शंभर फुटांहून उंच झाडावर घरं आहेत आणि त्यांत जायला वाट एकच, तार. कप्पीवर थांबण्यासाठी टायरच्या रबराचा तुकडा लावलेला असतो. जेवणाचे डबेसुद्धा वाटाड्ये तारेवरूनच आणतात. पहाटे गिबन नावाची लांब हातांची, बिनशेपटीची वानरं झाडांत गातात, ते ऐकायला जगभरून माणसं येतात. तिथे शिकार आणि जंगलतोड हाच पूर्वी कमाईचा मार्ग होता. आता त्याच गावांतली माणसं वाटाड्ये आणि जंगलाचे राखणदार म्हणून पगार घेतात. तिथे विकलं जातं ते जंगल, तार फक्त तिथवर न्यायला आहे.

आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे? मासवडीचा रस्सा आहे, हुरडा आहे, बाजरीची भाकरी आहे, चांदण्या दिसणारी रात्र आहे. आम्ही ताईंना बैठकीत बोललो की तार नसली तरी माळा आहेच. आधी हुरड्याच्या हंगामात एक साधा माळा घालून, चार पाहुणे आणून, गटाने स्वयंपाक करून बघावा. किती सुटतं ते वहीत येईल, आणि मग तारवाल्याशी बोलताना आपल्याला आपला भाव माहीत असेल. यावर दोन जणींचं मत वेगळं पडलं. त्यांचं म्हणणं, तेवढ्यात तो माणूस दुसऱ्याच्या शेतात जाईल. जाईलही. बैठकीत मत घेतलं तेव्हा सात विरुद्ध तीन असं झालं, ताईंनी हात वर केलाच नाही.

तो माणूस येत्या मंगळवारी परत येणार आहे. ताईंनी सातबारा काढून ठेवला आहे. त्यांच्याबरोबर गटातल्या तिघी बसणार आहेत, त्यांत त्या शिवळवाल्या मावशीही आहेत. नोंदणीपत्र, विमा, अभियंत्याचा कागद आणि मागे त्याने जिथे तार लावली आहे त्या जागेचा पत्ता, एवढं तो घेऊन आला तर पुढचं बोलणं होईल. पत्ता दिला तर आम्ही तिथे जाऊन पाहून येणार आहोत, आणि तिकीट काढून जाणार आहोत.